रस्त्याची पंगत

आमचे घरमालक न्हाणीतून बाहेर येताना घंटी वाजवत. सायकलची घंटी. ती त्यांनी न्हाणीच्या चौकटीला स्क्रूनं पक्की बसवली होती. दुसरी स्वयंपाकघराच्या दाराला होती, आणि मी राहायला गेल्यावर तिसरी माझ्या खोलीच्या दाराला. उकळत्या वरणाचं पातेलं घेऊन मावशी समोरून आल्या आणि टक्कर झाली, तर दोघांचीही धडगत नाही, असं घरमालकांचं म्हणणं. मावशी म्हणजे त्यांची बायको. मावशींचं म्हणणं वेगळं होतं.

"नुसतं 'आलो' म्हणाले त जीभ झिजते का तुमची?"

तुळशीला वळसा घालतानाही ते हात लांब करून वळायची खूण करत. नवा पाहुणा बिचारा हाताच्या दिशेनं पाही. तिकडे भिंत असे. झोपेत कूस बदलायच्या आधीही त्यांचा हात बाहेर येतो, असं मावशींनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. मी हसले, तर म्हणाल्या, "हासता कायले, बाई? तो हात माझ्या नाकावर येते."

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहिले ती पंचावन्न सालाच्या आसपास. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमचं गाव चांद्याहून मूल गावाकडे जाणाऱ्या सडकेवरचं, बाजाराचं. मी तिथल्या दवाखान्यात सुईणीचं शिक्षण घेतलेली नर्स म्हणून नेमणुकीवर आले होते. वय तेवीस. माझ्याकडे अकरा गावं आणि बाळंतपणाच्या सामानाची एक पत्र्याची पेटी. घर मिळालं ते या गृहस्थांचं.

त्यांनी पंचवीस वर्षं एका जमीनदाराची मोटर चालवली होती. जमीनदारी गेली, मोटर विकली गेली, आणि यांनी दाराशी सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. त्यामुळे सडकेच्या दोन्ही बाजू आपल्याला कळतात, असा त्यांचा दावा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पेटी उचलून पाहिली, अकरा गावं कोणती ते विचारलं आणि निकाल दिला, "तुमाले सायकल शिकाव लागते."

"मला येत नाही."

"म्हणूनच त शिकाव लागते ना."

शिकवायची त्यांची तऱ्हा अशी: बाजाराच्या मोकळ्या मैदानात विटांच्या दोन रांगा मांडायच्या, मी मधून सायकल न्यायची, आणि ते मागून येऊन माझ्या कानाशी मोटारीचा जुना रबरी भोंगा वाजवणार. दचकून हँडल हललं की पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस गावातली कुत्री माझ्याहून जास्त दचकली. पाचव्या दिवशी मी हलले नाही, तर ते खूश होऊन म्हणाले, "आता तुमी बहिऱ्या झाल्या. आता ऐकाले शिका."

मग त्यांनी मला सडकेच्या कडेला, आवळ्याच्या झाडाखाली, सडकेकडे पाठ करून उभं केलं. येणारी गाडी भरलेली की रिकामी, हे आवाजावरून सांगायचं. सागाची लाकडं भरलेला ट्रक कण्हत येतो. रिकामा ट्रक भांडी आपटल्यासारखा येतो आणि तोच जास्त जोरात असतो. बांबूचा ट्रक आला तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला चुकूनही उभं राहायचं नाही, कारण मागं लोंबणारे बांबू वळणावर शेपटीसारखे फिरतात. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. त्यानं माझा जीव निदान दोनदा वाचवला आहे, म्हणून लिहून ठेवते.

पण त्यांचं खरं शास्त्र म्हणजे पंगत. हे ते सायकल भाड्यानं नेणाऱ्या प्रत्येकाला सुनावत. गिऱ्हाइकाचा एक पाय पायडलवर असे, आणि यांचा हात हँडलवर.

"सडक म्हंजे पंगत आहे. मोटर म्हंजे वाढप्या. त्याच्या हातात गरम वरण, त्याले घाई. त्यानं खाली पाहून चालावं, कोणाच्या पत्रावळीवर पाय देऊ नये. आन् सायकल म्हंजे जेवणारा. त्यानं मांडी आवरावी. तंगड्या पसरून बसला त वाढप्या पडन. आन् वाढप्या पडला त वरण कोणाच्या डोक्शावर सांडन?"

"माझ्या जी."

"मंग जा. मांडी आवरून जा."

मला हे पटे. फक्त एक अडचण होती. आमची सडक म्हणजे मधोमध एका मोटारीपुरती पक्की पट्टी, आणि दोन्ही बाजूंना वीतभर खाली धूळ, दगड आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. मांडी आवरून जायचं कुठं? मी हे विचारलं, तर ते म्हणाले, "वाढप्या भला असन त जागा होते." वाढप्या भला नसला तर काय, याचं उत्तर त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

आमच्या सडकेवरचा मुख्य वाढप्या म्हणजे दौलतभाऊ. दिवसातून दोनदा जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा, म्हणजे बसचा, ड्रायव्हर. भरघोस मिशा, डोक्याला रुमाल. मोटर मालगुजारांची, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्यांची. मालगुजारी जाऊन वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना मालगुजारच म्हणत. आमच्या दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्षही तेच.

दौलतभाऊचं आणि माझं बिनसलं ते माझ्या उजव्या हातामुळे. घरमालकांनी मला पक्कं शिकवलं होतं की वळायच्या आधी हात लांब करायचा. पहिल्या आठवड्यात मी एका गावाच्या फाट्यावर हात केला. मागून मोटर येत होती. ती थांबली. कंडक्टर उडी मारून खाली आला, मला कळायच्या आत त्यानं माझी सायकल टपावर चढवली आणि म्हणाला, "बसा बाई, मांगं जागा आहे."

आमच्या मुलखात हात दाखवला की मोटर थांबते. तिथे थांबा नाही, पाटी नाही. माणूस सडकेवर येऊन हात करतो आणि ड्रायव्हर थांबतो. हा रिवाज एवढा पक्का, की वळण्यासाठीही कुणी हात करतं, हे दौलतभाऊच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. सायकल टपावरून उतरवून घ्यायला मला पाच मिनिटं लागली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मोटारीतल्या बायकाच ओरडल्या, "बाई, चढा त चढा, नाई त हात खाली ठेवा!"

दौलतभाऊ खिडकीतून वाकून म्हणाला, "चढायचं नाई त हात काऊन दाखवता?"

"मी वळते आहे."

"मंग वळा ना! सांगता कायले?"

घरमालक दुसऱ्याच दिवशी मोटर उभी राहते तिथे गेले आणि प्रवाशांसमोर दौलतभाऊला पंगत ऐकवली. तो बिडी विझेपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, मी वाढप्या असन त मले जेवणाऱ्यानं हात दाखवून नाई सांगाव लागत. पान पाह्यलं का समजते." लोक हसले. घरमालकांचे कान लाल झाले.

त्यानंतर दौलतभाऊनं माझ्या हाताकडे पाहायचंच सोडलं. आणि त्यातूनच ते झालं. एका सकाळी मी हात केला आणि उजवीकडे वळले. तो थांबला नाही, माझ्या उजव्या बाजूनं पुढे काढत होता. टक्कर झाली नाही. मी खड्ड्यात गेले, पेटी माझ्यावर आणि आयोडीनची बाटली पेटीत फुटली. पांढरं लुगडं तांबडं-पिवळं झालं. मनगट मुरगळलं. दौलतभाऊनं मला उचलून दवाखान्यात आणलं तेव्हा तो माझ्याहून पांढरा पडला होता. आयोडीन त्याला रक्त वाटलं होतं.

मालगुजारांनी मला बोलावलं. "बाई, बाईमाणसानं सायकल बंद. दवाखान्याची बंडी आहे, बंडीनं जात जा."

बंडी म्हणजे बैलगाडी. बैल म्हातारे. पंधरा दिवसांत मी दोन बाळंतपणांना उशिरा पोचले. पहिल्या ठिकाणी बाळ न्हाऊन झोपलं होतं आणि आजी मला चहा घेऊन जा म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी बाईचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. ती वाचली, पण थोडक्यात. परतताना मी बैलांच्या पाठीकडे पाहत ठरवलं, की सायकल मिळाली तर राहायचं, नाही तर राजीनामा द्यायचा. तिसऱ्या खेपेला कुणी वाचणार नाही आणि दोष बैलांना कुणी देणार नाही.

मी हे मालगुजारांना स्पष्ट सांगितलं. ते विचारात पडले. नर्स मिळणं सोपं नव्हतं. शेवटी म्हणाले, "दौलत म्हणन का त्याची मोटर आन् तुमची सायकल एका सडकेवर चालू शकते, त मी हुकूम मांगं घेतो."

दौलतभाऊ म्हणाला, "नाई चालू शकत. सायकलवाला मुद्दाम खाली नाई उतरत. भोंगा वाजवा, घसा फोडा, मधातच चालते. मी उद्या कोणाले मारून टाकीन, जी. मले नाई पायजे ते पाप."

मी सामान बांधायला घेतलं. घरमालक दोनदा माझ्या खोलीपर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा घंटी न वाजवता आत आले, यावरून मी ओळखलं की काहीतरी घडलंय.

"अदलाबदल," ते म्हणाले. "दौलत तुमच्या सायकलवर बसन. मी त्याची मोटर चालवीन. इथून मोठ्या बोडीपर्यंत चार मैल. वाढप्या चांगला असला त पंगत कशी होते, हे त्याले दिसन. मालगुजार सोबत बसून पाह्यतीन. मी बोलून आलो."

"ते हो म्हणाले?"

"त्याईले मजा वाटली."

दौलतभाऊही तयार झाला. सायकल चालवायला काय लागतं, असं त्याला वाटलं. ड्रायव्हर लोकांना हे नेहमीच वाटतं.

ठरल्या दिवशी सकाळी अर्धा गाव जमला. घरमालकांनी धुतलेला कोट घातला होता. स्टेअरिंगला झेंडूची माळ आणि इंजिनाला हँडल मारायच्या आधी नारळ. मोटर रिकामी, फक्त पुढच्या बाकावर मालगुजार, आणि मागं मी, कारण सायकल माझी होती आणि तिच्यावर माझं लक्ष असणं भाग होतं. दौलतभाऊ पुढे सायकलवर. मिशी ताठ, गुडघे बाहेर. निघताना त्यानं वळून लोकांना रामराम केला आणि तिथेच पहिल्यांदा डगमगला.

पहिला मैल पाहण्यासारखा होता. घरमालक वीस हात अंतर ठेवून, चालत्या बैलाच्या वेगानं मागं. भोंगा एकदाच, तोही हळूच. मला म्हणाले, "पाह्यलं का? घाबरवायचं नाई. मी मांगं आहो, एवढंच कळवायचं." माझ्या डोळ्यांसमोर बांधलेलं सामान सुटायला लागलं.

दुसऱ्या मैलाला मालगुजार जांभई देऊन म्हणाले, "भाऊ, असंच चाललं त बोडीवर संध्याकाळ होईन."

घरमालकांची पाठ ताठ झाली. इंजिनाचा आवाज थोडा चढला. बऱ्याच वर्षांनी त्यांचा पाय त्या वेगाच्या दट्ट्यावर पडला होता. अंतर वीस हातांचं दहा झालं.

"असं! आता कसं मोटारीत बसल्यासारखं वाटते!" मालगुजार म्हणाले.

चौथ्या मैलाला बोडी दिसायला लागली तेव्हाही दौलतभाऊ सडकेच्या मधोमध होता. उतरायला पाहत होता, पण कडेला वीतभर पायरी आणि पुढे दगड. चाक कडेशी न्यायचा, घाबरून परत मध्ये यायचा. घरमालकांनी भोंगा वाजवला. मग पुन्हा वाजवला. मग हात भोंग्यावरून उचललाच नाही.

"दाबा, भाऊ!" मालगुजार बाकावर उड्या मारत होते. साठीचा माणूस, लग्नाच्या वरातीत बसल्यासारखा.

"थांबा!" मी ओरडले. कोण ऐकतंय?

घरमालकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अबे, मांडी आवर ना! सकाळपासून जेवतच राह्यला का? उठ ना पानावरून! वरण थंडं होऊन राह्यलं!"

दौलतभाऊनं दचकून मागं पाहिलं. कानानं ऐकायचं, मान वळवायची नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हँडल वळलं. सायकल कडेवरून खाली, तिथून बांधावर, आणि बांधावरून थेट बोडीत. बोडी म्हणजे धानाच्या पाण्यासाठी बांधलेलं तळं. पाण्यात कंबरभर उभे राहून दोघे ढीवर जाळं ओढत होते. दौलतभाऊ त्यांच्या जाळ्यात पडला.

"मोठा आहे रे!" एक जण म्हणाला.

"मिशीवाला आहे. मांगूर असन," दुसरा म्हणाला.

घरमालकांनी ब्रेक मारला. मालगुजार समोरच्या काचेवर आपटले. इंजिन बंद पडलं आणि सगळीकडे एकदम शांतता झाली. मी उडी मारून बांधावर गेले. हातपाय हलवा म्हटलं, मान वळवा म्हटलं. दौलतभाऊ धड होता. माझी सायकल मात्र चिखलात शेपटी वर करून उभी होती.

मागं वळून पाहिलं तर घरमालक सडकेच्या मधोमध उभे. त्यांनी कोट काढून घडी करून मोटारीच्या नाकावर ठेवला. दोन्ही कान धरले. आणि उठाबशा काढायला लागले.

"एक," ते मोठ्यानं म्हणाले. "दोन."

"भाऊ, हे काय करता?" मालगुजार कपाळ चोळत म्हणाले.

"तीन. तुमी बोलू नका. तुमी मले फूस लावली. चार."

बाराव्या उठाबशीला घरमालकांचा गुडघा वाजला, तेव्हा मी जाऊन त्यांना धरलं. दौलतभाऊ निथळत वर आला. रुमाल गेला होता, डोक्यावर शिंगाड्याचा वेल होता. मला वाटलं, आता मारामारी होणार. तो घरमालकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, मले वाटे सायकलवाला मुद्दाम नाई उतरत. अबे, उतराले जागाच नाई ना, बाप्पा! आन् मांगून तो भोंगा!"

घरमालक धापा टाकत म्हणाले, "आन् मले वाटे ड्रायव्हर जात्याच नालायक असते. दौलत, त्या गादीतच काहीतरी आहे. बसलं का माणूस बदलते."

"बदलते ना," दौलतभाऊ म्हणाला. "मले त रोज बसाव लागते."

आधी ढीवर हसले, मग दौलतभाऊ, आणि शेवटी मालगुजार, कपाळावरच्या टेंगळासकट. घरमालक हसले नाहीत. मी विचारलं, "मग माझ्या सायकलीचं काय?"

मालगुजारांनी दौलतभाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाई चालवतीन. मी सांभाळीन. पण मालक, कडेची ती पायरी भरून घ्या. भला माणूस असला तरी उतरन कुठी?"

"भरतो," मालगुजार म्हणाले. "मुरूम टाकतो, दोन्ही अंगानं, बोडीपर्यंत."

आणि टाकला. मोटर पुन्हा सुरू होईना, म्हणून परतताना मी, ढीवर आणि मालगुजार ती ढकलत होतो. दौलतभाऊ स्टेअरिंगवर. घरमालकांनी गादीवर बसायला नकार दिला. माळही काढून बोडीत टाकली. मागून माझी वाकलेली सायकल खांद्यावर घेऊन ते चालत आले. एक महिनाभर मोटर नाही, सायकल नाही, पायीच चालायचं, तेही सडकेच्या अगदी कडेनं, अशी शिक्षा त्यांनी स्वतःला ठोठावली. मावशी म्हणाल्या, "महिनाभर घरात पाय त स्वच्छ घेऊन येतीन का?"

मी राहिले. सायकल सरळ झाली. आठवड्याभरानं मी पेटी घेऊन निघाले, तर समोरून दौलतभाऊची मोटर. मी वेळेवर डाव्या हाताच्या मुरमात उतरले आणि थांबले. पाहते तर त्यानं अख्खी मोटर त्याच्या बाजूच्या मुरमात घातलेली. प्रवासी एका अंगाला कलले होते.

"या बाई, तुमी या!"

"तुम्ही आधी या. मोटारीत माणसं आहेत."

"नाई, तुमी. कोणाची बाळंतीण खोळंबली असन."

"कोणीतरी जा ना, बाप्पा!" मोटारीतून एक म्हातारी ओरडली.

एवढ्यात माझ्या मागून, कडेनं, छत्री घेऊन घरमालक चालत आले. माझ्या मागच्या चाकाशी थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"बाई, माझी कड तुमी घेतली. पलीकडची यानं घेतली. मी कुठून जाऊ?"

"मधातून जा ना, भाऊ," दौलतभाऊ म्हणाला. "सडक रिकामी आहे."

घरमालकांनी त्या पक्क्या पट्टीकडे पाहिलं. आधी एक पाय ठेवला, थंड पाण्यात ठेवतात तसा. मग दुसरा. आणि मान खाली घालून, मोटर आणि सायकल यांच्या मधून, पंचवीस वर्षं गाडी हाकलेला तो माणूस नव्या नवरीसारखा लाजत चालत गेला. मोटारीतली सगळी माणसं खिडक्यांतून पाहत होती. पलीकडे पोचल्यावर तो वळला आणि खेकसला, "आता तरी जा ना!"

आम्ही दोघं एकदमच सडकेवर चढलो, आणि एकदमच परत उतरलो.